शनिवारचा वर्ग

"ताई, तुम्ही जरा तोंड फिरवून बसा," कान तपासणारी मुलगी म्हणाली. "तुमची मान हलतेय."

तिला आधी कळलंच नाही. काचेपलीकडच्या छोट्या खोलीत तिची आठ वर्षांची लेक कानांवर मोठाले हेडफोन लावून बसली होती. हातात लाकडी ठोकळा, समोर प्लास्टिकची टोपली. आवाज ऐकू आला की ठोकळा टोपलीत टाकायचा, एवढंच काम. तपासणारी मुलगी कळ फिरवायची, हेडफोनमधली शिट्टी काचेतून बाहेरपर्यंत यायची आणि लेक ठोकळा टाकायची. सहा ठोकळे बरोबर पडले होते. सहाव्या ठोकळ्याला हिचा जीव भांड्यात पडला होता. लेक सारखी आपल्याकडेच का बघतेय, हे मात्र तिच्या लक्षात आलं नव्हतं.

तिने खुर्ची फिरवली. समोर पांढरी भिंत होती. शिट्टी झाली. ठोकळा पडला नाही. मग आणखी मोठी शिट्टी, मग त्याहून मोठी, इतकी की तिचंच डोकं भणभणलं. मागे सगळं शांत होतं. बऱ्याच वेळाने टोपलीत एक ठोकळा पडला, पण तेव्हा यंत्र बंद होतं.

डॉक्टर त्याच हॉस्पिटलमधले होते. त्यांनी कागद बघितला, मग तिच्याकडे. "तुम्ही फोनच्या बोर्डवर असता ना? आवाजावरून वाटलंच मला." मग ते कागदाशीच बोलत असल्यासारखे सावकाश बोलले. तापात मेंदूच्या आवरणाला सूज आली होती. ती कानाच्या आतपर्यंत गेली. कानाला लावायच्या मशीनचा उपयोग नाही. ऑपरेशन करून कानात ऐकण्याची तार बसवतात, पण आतली नळी हाडाने भरून गेली आहे, तार सरकवायला जागाच उरलेली नाही.

"मग आता काय करायचं?" तिने विचारलं.

"पोर वाचली, हे काही थोडं नाही," डॉक्टर म्हणाले.

हे खरंच होतं. एकोणीस दिवस ती त्याच इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर लेकीच्या उशाशी बसली होती, आणि त्या एकोणीस दिवसांत तिने कानांसाठी कुणाकडे काही मागितलं नव्हतं.

हॉस्पिटलच्या तळघरात, औषधांच्या गोदामाशेजारी, बोर्डाची खोली होती. बावीस वर्षं ती तिथे कानाला हेडफोन आणि तोंडाशी माइक लावून बसत आली होती. "थांबा, जोडते." "साहेब राउंडला आहेत, दहा मिनिटांनी करा." "घाबरू नका, आधी पेशंटचं नाव सांगा." अर्ध्या शहराने तिचा आवाज ऐकला होता, तोंड मात्र कुणी बघितलं नव्हतं. जोडीच्या थोरल्या बाई म्हणायच्या, "तुझ्या आवाजावर लोक लट्टू होतात गं. म्हणून तर सरकारने आपल्याला तळघरात ठेवलंय. एकदा तोंड दाखवलं की संपलं."

लेकीचं घरातलं नाव टकळी. ते तिच्या बापाने ठेवलं होतं, कारण तिच्या तोंडाची टकळी सकाळी डोळे उघडल्यापासून जी चालू व्हायची ती झोपेपर्यंत थांबायची नाही. जिन्यावरून कोण गेलं, बाईंच्या साडीचा रंग कुठला, मुंग्यांना सुट्टी असते का. बाप लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर माणसं नसलेल्या यंत्रांच्या खोल्यांमधून काम करून तो घरी आला, की म्हणायचा, "चालू दे टकळी. मला जरा माणसांत आल्यासारखं वाटू दे."

तापानंतर पहिले काही दिवस टकळी बोलत राहिली. उत्तरं येत नाहीत म्हटल्यावर आणखी मोठ्याने बोलली. मग शब्दांच्या कडा घासल्या गेल्या. 'स' कुठे तरी हरवला. तिलाही बहुधा समोरच्यांच्या कपाळावरच्या आठ्या दिसल्या असाव्यात. तिने बोलणं हात आखडता घेतल्यासारखं कमी केलं. शाळेत एका मुलीला ती चावली. वर्गशिक्षिकेने बोलावून घेतलं. "मी तिच्या वाईटावर नाही हो," बाई म्हणाल्या. "पण पन्नास पोरांत तिच्याकडे कधी बघू मी? पुढच्या वर्षाचं तुम्ही काय ते बघा."

तिने घरी येऊन हे नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "पुढच्या वर्षापर्यंत ऐकायला लागेल ती. नस आहे ती. झोपलेली नस जागी होते."

तो दिसायला दांडगा, स्वभावाने गरीब माणूस होता. रोज संध्याकाळी हातपाय धुतले की तो लेकीच्या मागे जाऊन उभा राहायचा. लेक जमिनीवर चित्रं काढत बसलेली असायची. तो टाळी वाजवायचा. मग ताटावर चमचा. मग हलक्या आवाजात, "टकळी." मग मोठ्याने. स्वयंपाकघरातून तिला सगळं ऐकू यायचं, आणि नंतरची शांतताही. मग तो येऊन पाणी प्यायचा आणि म्हणायचा, "उद्या बघू."

ती काही बोलायची नाही. खरं तर त्या दिवसांत ती लेकीशीही फारसं बोलत नव्हती. दिवसभर बोलून घरी यायचं आणि जिच्याशी बोलायचं तिलाच ते ऐकू जायचं नाही. मग 'जेव' म्हणून ताटाकडे बोट, 'चल' म्हणून हात धरायचा, 'झोप' म्हणून गालाखाली तळवा. तीन खुणांत दिवस संपायचा. लेकीच्या डोळ्यांत बघितलं की आपल्याला रडू येईल म्हणून ती बघायचं टाळायची, आणि त्याला ती घाई म्हणायची.

एका रविवारी दुपारी ती शर्टाला बटण लावत होती. लेक दारात येऊन उभी राहिली. बराच वेळ उभी होती.

"आई, तू माझ्यावर रागावलीएश का?" तिने विचारलं. आवाज खोलीच्या मानाने फार मोठा होता.

तिने नाही म्हणून मान हलवली.

"मग बोलत का नाहीश? बाबांशी बोलतेश. फोनवाल्या लोकांशी बोलतेश. माझ्याशी नुशती मान हलवतेश."

तिने सुई खाली ठेवली. तिने पाटीवर लिहिलं, 'मी रागावले नाही.' तिसरीतली पोर, एकेक अक्षर जोडत तिने वाचलं. मग मान वर करून म्हणाली, "मग कोण रागावलंय?"

तिने पुन्हा पेन्शिल उचलली. पाटी रिकामीच राहिली. थोडा वेळ वाट बघून लेक निघून गेली.

दुसऱ्या दिवशी साडेअकराच्या सुमाराला बोर्ड जरा शांत झाला. तिने खणातली टेलिफोनची जाडजूड यादी काढली. बावीस वर्षांत तिने इतरांसाठी अग्निशामक दल शोधलं होतं, रक्तपेढी शोधली होती, परगावच्या पोरांना आईबाप शोधून दिले होते. स्वतःसाठी ती यादी आज पहिल्यांदा उघडत होती. ऐकू न येणाऱ्या मुलांची शाळा शहरातच निघाली, बसने तीस मिनिटांवर.

"प्रवेश जूनमध्ये," पलीकडचा कारकून म्हणाला. "पण मुलीचं सोडा, तुम्हाला खुणांची भाषा येते का?"

"नाही."

"मग ती शाळेत शिकेल आणि घरी येऊन कुणाशी बोलेल? शनिवारी दुपारी पालकांचा वर्ग असतो. या तुम्ही." मग जरा थांबून म्हणाला, "तुमचा आवाज ओळखीचा वाटतो."

शनिवारच्या वर्गात सात पालक होते. फळ्यावर लिहिलं होतं, 'आत आल्यावर आवाज बंद.' शिकवणारी बाई पन्नाशीची, आठवडाभर शिवणकाम करणारी, जन्मापासून ठार बहिरी. तिचे हात भरभर चालायचे आणि मधूनच एखाद्या चुकीच्या टाक्यापाशी थांबल्यासारखे थांबायचे. हिची बोटं मात्र लाकडासारखी. पाणी म्हणायला गेली तर भलताच अर्थ झाला, आणि शेजारी बसलेले, नातवासाठी शिकायला आलेले रिक्षावाले आजोबा बिनआवाजाचे हसून हसून टेबलावर आडवे झाले.

बोटांपेक्षा अवघड गेला तो चेहरा. त्या भाषेत प्रश्न भुवयांनी विचारतात, नकार नाका-ओठांनी देतात. नुसते हात हलवले तर ते बोलणं बिनचवीचं, अर्धवट. शिवणवाल्या बाईने तिच्याकडे बघून फळ्यावर लिहिलं, 'तुमचा चेहरा कुठे आहे?'

तिला काय उत्तर द्यावं कळेना. बोर्डवर बसून तिने चेहरा कधी वापरलाच नव्हता. कुणी पलीकडे रडत असो, शिव्या देत असो, आवाज गोड ठेवायचा आणि तोंड कोरं. त्याची सवय झाली होती. शिवणवाली बाई जवळ आली आणि तिने दोन्ही अंगठ्यांनी तिच्या भुवया हळूच वर ढकलल्या. मग ओठांचे कोपरे बोटांनी खाली ओढले. तापापासून ती कुणासमोर रडली नव्हती. त्या दिवशी सात माणसांपुढे, आवाज बंद ठेवून, रडली. कुणी सांत्वन करायला आलं नाही. आजोबांनी फक्त आपला रुमाल टेबलावरून सरकवला. बाईने रडून होऊ दिलं आणि मग फळ्यावर लिहिलं, 'असा. आता पुन्हा करा.'

घरी ती लेकीला शिकवू लागली, म्हणजे दोघी मिळून शिकू लागल्या. लेक झपाट्याने पुढे गेली. आठवड्याभरात ती आईच्या चुका काढू लागली आणि चूक निघाली की खूश व्हायची.

नवऱ्याला हे पसंत पडलं नाही. "तिला हात शिकवलेस की ती तोंडाने बोलायचं सोडून देईल," तो म्हणाला. "तू तिला बहिरी ठरवून मोकळी झालीस."

"मी नाही ठरवलं."

"मग कुणी?"

त्याचं काय चुकतंय ते तिला सांगता आलं नसतं, आणि तिचंही काही चुकत नव्हतं.

मग एका गुरुवारी संध्याकाळी तो नेहमीसारखा लेकीच्या मागे उभा राहिला, ताटावर चमचा वाजवला, आणि लेकीने मागे वळून बघितलं.

त्याच्या हातातलं ताट पडलं. तो गुडघ्यांवर बसला आणि त्याने तिला छातीशी धरलं. पुन्हा उभा राहिला, पुन्हा वाजवलं, ती पुन्हा वळली. तो रडत होता आणि हसत होता. त्याने आपल्या भावाला फोन केला, बहिणीला केला, कामावरच्या सोबत्याला केला. "सांगत होतो की नाही? नस जागी झाली." सोमवारी जाऊन जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटायचं, नव्या शाळेचं नावही काढायचं नाही, असं त्याने ठरवून टाकलं. एक पूर्ण रात्र तिनेसुद्धा विश्वास ठेवला.

सकाळी वेणी घालताना तिने लेकीसमोर आरसा टेकवून ठेवला आणि हातांनी, भुवया वर करून विचारलं, 'काल ऐकू आलं?'

लेकीने बापाच्या खोलीकडे नजर टाकली. तो आंघोळीला गेला होता. मग ती हातांनी बोलली, आणि जिथे खूण येत नव्हती तिथे कुजबुजली. कुजबुज पार दिंडीदरवाज्यापर्यंत जाईल एवढी होती. "कपाटाच्या काचेत बाबा दिशले. ते रोज उभे राहतात. रोज वाट बघतात." मग आईचा चेहरा बघून तिने घाईने जोडलं, "शांगू नकोश. ते खूप खूश आहेत."

त्या दिवशी बोर्डवर तिच्याकडून तीन फोन चुकीच्या वॉर्डात जोडले गेले. थोरल्या बाई म्हणाल्या, "बाई, सर्दीचा पेशंट बाळंतिणींकडे पाठवलास तू. जा, जिथे जायचंय तिथे जाऊन ये. मी बघते इथलं."

नवरा एका नऊमजली इमारतीत कामाला होता. लिफ्ट त्यानेच बंद केली होती, त्यामुळे ती नऊ मजले चढली. गच्चीवरच्या यंत्राच्या खोलीत तो तेलाने माखलेल्या दोराचे पीळ तपासत होता. तिला दारात बघून त्याचा चेहराच उतरला. "काय झालं? पोर बरी आहे ना?"

"बरी आहे."

दम लागला होता, तो जाईपर्यंत ती थांबली. मग तिने सांगितलं. आडवळण घेतलं नाही, कारण घेतलं असतं तर पुढे जमलं नसतं. कपाट, काच, रोज वाट बघणं, सगळं सांगितलं.

तो चिंध्यांनी हात पुसत राहिला. एक बोट, मग दुसरं.

"म्हणजे फसवलं मला तिने," तो म्हणाला.

"खूश केलं तुम्हाला. तिच्याकडे देण्यासारखं तेवढंच होतं."

"मी किती जणांना फोन केले." थोड्या वेळाने तो यंत्राच्या चौथऱ्यावर बसला. एवढा मोठा माणूस एकदम कमी जागेत मावल्यासारखा दिसला. "आता रोज संध्याकाळी मी काय करू? घरी येऊन?"

ती त्याच्याशेजारी बसली. खालून कुणी तरी लिफ्ट कधी चालू होणार म्हणून ओरडत होतं.

"मागे नका उभे राहू," ती म्हणाली. "समोर या."

त्याने दोन्ही तळवे पुढे धरले. मग म्हणाला, "मला नाही जमणार ती बोटं. माझे हात बघ."

"माझीही बोटं नाही वळत. पोर हसते मला. तुम्हालाही हसेल."

तो त्या शनिवारी वर्गाला आला नाही. पुढच्याही नाही. पण नव्या शाळेच्या अर्जावर त्याने सही केली, आणि संध्याकाळी घरी आला की लेकीच्या समोर जमिनीवर बसू लागला. कधी कधी दोघं नुसतेच बसायचे.

प्रवेश झाला त्या दिवशी परतीच्या बसची वाट बघत मायलेकी थांब्यावर उभ्या होत्या. दुपारची वेळ, थांब्यावर दहाबारा माणसं. लेकीने नव्या शाळेच्या पत्राचा कागद घडी करकरून अगदी लहान केला होता. मग एकाएकी तिने आईची बाही ओढली आणि हातांनी विचारलं, 'नवी शाळा कान तपासून मला काढून टाकेल का?'

'का काढेल?'

लेकीने आजूबाजूला बघितलं. मग तिचे हात अंगाजवळ, लहान लहान हलू लागले, लपवून बोलल्यासारखे. 'मी कानात काडी घातली होती. तापाच्या आधी. तू नको म्हणाली होतीस. मी घातली. म्हणून कान मोडले. त्यांना कळलं तर?'

ती बघतच राहिली. एवढे महिने ही पोर हे एकटीने वागवत होती. लेकीला ताप आला होता, तो कसला, त्यात काय गेलं आणि काय वाचलं, हे डॉक्टरांनी हिला सांगितलं होतं, हिने नवऱ्याला, नवऱ्याने भावाबहिणींना. जिचे कान होते तिला कुणीच सांगितलं नव्हतं.

तिने हातातली पिशवी दोन पायांमध्ये ठेवली आणि लेकीसमोर उकिडवी बसली.

'काडीने नाही,' तिने सांगितलं. पुढची खूण येईना. शिवणवाली बाई म्हणायची, शब्द नसेल तर चित्र काढ. तिने ताप दाखवला, डोकं दाखवलं, डोक्यात पसरत गेलेली आग दाखवली. एकोणीस दिवस बोटांवर दाखवले. पलंग, सुया, आपण उशाशी बसलेलो. 'तू खूप आजारी होतीस. तू जाणार होतीस. गेली नाहीस. आग कानात गेली. काडी लहान. आग मोठी.'

लेकीने भुवया आवळल्या. 'माझी चूक नाही?'

बस आली. माणसं चढू लागली. काही जण चढता चढता वळून बघत होते. एका बाईने दुसरीला कोपराने ढोसलं. दोन महिन्यांपूर्वी ती लाजेने हात पदरात घेऊन उभी राहिली असती. आता तिच्या ते ध्यानातही नीट आलं नाही, कारण 'चूक' आणि 'नाही' यांच्यामध्ये काय येतं ते तिला आठवत नव्हतं, आणि हे वाक्य अर्धवट चालणार नव्हतं. तिने एकदा केलं, लेकीने मान हलवून हात धरून सुधारलं. तिने पुन्हा केलं.

वाहकाने दारात उभं राहून विचारलं, "ताई, यायचंय का?"

तिने त्याच्याकडे न बघता नाही म्हणून मान हलवली. तिचे दोन्ही हात गुंतलेले होते. त्याने घंटी वाजवली आणि बस निघून गेली.